सरांची पद्धत

"श्वास सोडू नका," सरांची बायको म्हणाली. "सोडलात तर हे बटण माझ्या डोळ्यात येईल."

स्टाफरूममध्ये तेवढी दोघंच होती. तिने नव्या कोटाचं मधलं बटण कसंबसं काजात अडकवलं आणि मागे सरकून पाहिलं. खांदे फक्कड बसले होते. बाह्या मनगटाशी जिथे थांबायला हव्यात तिथेच थांबल्या होत्या. फक्त पोटाशी कापड ताणलं जाऊन आडव्या सुरकुत्या पडल्या होत्या.

"मास्तरांनी माप चुकवलं," सर म्हणाले.

"मास्तरांनी? मी होते ना तिथे! ते टेप लावत होते तेव्हा तुम्ही पोट असं आत ओढून उभे होतात, की जसं काही लष्करात भरती व्हायचंय."

"काहीतरीच काय बोलतेस."

"बरं बाई, मास्तरांनी चुकवलं," ती म्हणाली आणि कॉलरवरचा नसलेला धागा झटकला. सर चुकले असं म्हणायचं नाही, हे त्या घरात फार पूर्वीच ठरून गेलेलं होतं. डिपार्टमेंटमध्येही तसंच होतं म्हणा.

मास्तर म्हणजे शिंपी. बाजाराच्या मागच्या गल्लीत त्यांचं दुकान, आणि त्यांची मुलगी ही सरांची विद्यार्थिनी. कोट मास्तरांनी आजच्या दिवसासाठी मुद्दाम शिवून भेट दिला होता, कारण आज मुलीची पीएचडीची तोंडी परीक्षा होती. मुलीला सगळं डिपार्टमेंट 'चिमणी' म्हणायचं. आवाज इतका बारीक, की तिने उत्तर दिलं की सरांना दरवेळी "काय?" म्हणावं लागायचं. सकाळी शाळेत शिकवायचं, दुपारी इथे येऊन गणितं करायची, संध्याकाळी घरी जाऊन लहान लेकीचा अभ्यास, असं तिने इतकी वर्षं रेटलं होतं. सरांच्या हाताखाली पीएचडी करणारी ती पहिलीच, आणि निवृत्ती दारात येऊन बसल्यामुळे शेवटचीही.

आज नुसत्या पदवीचा प्रश्न नव्हता. बाहेरून आलेल्या परीक्षक बाईंच्या संस्थेत संशोधकाची जागा निघाली होती. चिमणीचं काम पसंत पडलं तर बाई तिच्यासाठी शब्द टाकणार होत्या. शाळा सोडून पूर्ण वेळ हेच करायला मिळावं, एवढंच त्या मुलीला हवं होतं.

तिचा विषय सांगायला सोपा आणि करायला जीवघेणा. अणूहूनही बारीक असा एक कण एका खड्ड्यात कोंडलाय असं समजा. खड्डा जागच्या जागी असेल तर कणाचं पुढे काय होईल ते कुठलाही बरा विद्यार्थी काढून देतो. पण खड्डाच बदलता असला, म्हणजे मध्येच त्याचा तळ कलला, मध्येच उंचवटा वर आला, की पंचाईत. मग एक गणिती यंत्र जुळवावं लागतं. आत्ताची स्थिती त्यात घाला, नंतरची बाहेर येते. त्याला प्रोपगेटर म्हणतात. सरळ मार्ग असा, की वेळेचे बारीक तुकडे पाडायचे, प्रत्येक तुकड्यापुरता खड्डा स्थिर धरायचा, आणि आधी काय आणि नंतर काय हा क्रम सांभाळत तुकड्याला तुकडा जोडत जायचं. वेळ खाणारं काम. सरांची पद्धत निराळी होती. "आधी सगळ्याची बेरीज करून टाका, मग कणाला एकदाच ढकला!" तरुणपणी त्यांनी ती एका किंचित हलणाऱ्या खड्ड्याला, अगदी थोड्या वेळासाठी, लावून पाहिली होती आणि उत्तर बरोबर आलं होतं. कुणीतरी पाठ थोपटली. तेव्हापासून ती 'आपली पद्धत' झाली, आणि ती कुठे चालते, कुठे नाही, हे बघायचं राहूनच गेलं.

चौथ्या प्रकरणाच्या वेळी चिमणीने विचारलं होतं. इथेच, याच स्टाफरूममध्ये. "सर, या खड्ड्यात बदल फार जोरात होतात. आधी तळ कलला की आधी उंचवटा आला, हे आपल्या बेरजेत हरवून जातं ना?"

सर पेपर तपासत होते. मान वर न करता म्हणाले, "आधी काय घालायचं न् नंतर काय, ही काळजी स्वयंपाकघरात करायची. इथे फिजिक्स चालतं."

आजूबाजूचे सगळे हसले. चिमणीही हसली. प्रकरण सरांच्या पद्धतीने झालं. शेवटी पडताळा म्हणून सरांनी कण कुठे ना कुठे सापडण्याच्या सगळ्या शक्यता मिळवून पाहिल्या. बेरीज बरोबर एक आली, आणि सरांनी सही ठोकली.

हॉल बऱ्यापैकी भरला होता. दुसऱ्या रांगेत मास्तर, त्यांचा जावई आणि सरांची बायको. मास्तरांना त्यातलं अक्षर कळत नव्हतं, पण पडद्यावरचं चित्र बदललं की ते मान डोलवत होते. चिमणी आज चक्क ऐकू येईल इतक्या आवाजात बोलत होती. पहिल्या रांगेत, परीक्षक बाईंच्या शेजारी, सर पोट आत धरून बसले होते.

सादरीकरण संपलं. बाईंनी चष्मा पुसला.

"छान मांडलंत. तीन प्रकरणं तर मला फारच आवडली. चौथ्याबद्दल एक शंका आहे." त्या उठून फळ्याशी गेल्या. "समजा आधी तळ कलता केला आणि मग मध्ये उंचवटा आणला. तुमचं उत्तर अमुक एक येतं. आता उलट करा. आधी उंचवटा, मग तळ. तुमच्या पद्धतीत उत्तर तेच येईल. खरंय?"

"हो, मॅडम."

"कणाच्या बाबतीतही तेच होईल?"

चिमणी फळ्याकडे बघत राहिली.

बाई समजुतीने बोलल्या, मागच्यांनाही कळावं म्हणून. "मी कुणाला पत्ता सांगितला, की उजवीकडे वळा आणि सरळ चालत जा. त्याने आधी चालून मग वळण घेतलं तर तो त्याच दारात पोचेल का? वळणं तेवढंच, चालणं तेवढंच. तुम्ही इथे सगळं वळणं आणि सगळं चालणं एका पोत्यात भरलंय."

"पण मॅडम, शक्यतांची बेरीज तर एक येते," मागून कुणा विद्यार्थ्याने तोंड घातलं.

"ती चुकीच्या दारातही एकच येते. माणूस कुठेतरी पोचला, एवढंच त्यावरून कळतं."

सरांना आत्ता, या क्षणी कळलं. कळलं म्हणजे असं नव्हे की समजायला अवघड होतं. पहिल्या वर्षाच्या पोराला समजेल इतकं ते सोपं होतं, आणि ते त्यांना आयुष्यभर दिसलं नव्हतं. ज्या दिवशी एका मुलीने दाखवलं त्या दिवशी त्यांनी तिला स्वयंपाकघराचा रस्ता दाखवला होता.

चिमणीने वळून पाहिलं. सरांकडे. निमिषभरच. त्या नजरेत तक्रार नव्हती, ती फक्त वाट पाहत होती.

समोरचा ग्लास उचलून सर पाणी प्यायले.

"माझी चूक आहे, मॅडम," चिमणी म्हणाली. "माझ्या लक्षात आलं नाही."

पाणी संपलं होतं, तरी सरांनी ग्लास ओठांपासून काढला नाही. काढला असता तर बोलावं लागलं असतं. दुसऱ्या रांगेत मास्तरांची डोलणारी मान थांबली. अक्षर कळत नव्हतं, पण मुलगी काय म्हणाली ते त्यांना कळलं होतं.

मग निर्णयासाठी शेजारच्या खोलीत परीक्षक बाई, विभागप्रमुख आणि सर, असे तिघं जाऊन बसले. दार लागलं.

"पदवी मी अडवणार नाही," बाई म्हणाल्या. "चौथं प्रकरण पुन्हा करून द्यायचं, बस. पण आमच्याकडच्या जागेसाठी मला तिचं नाव देता येणार नाही. इतक्या मुळाशी घोटाळा आहे. वाईट वाटतंय हो, मुलगी कष्टाळू दिसते."

"मॅडम," सर म्हणाले. "ती चूक माझी आहे. पद्धत माझी. तिने मला हेच विचारलं होतं. मीच तिला गप्प बसवलं."

झालं एकदाचं! निघालं तोंडातून. सरांना वाटलं, आता बाई चिडतील, निदान चमकतील तरी.

बाई हसल्या. चांगलं, मायेचं हसू. "सर, हे दार लागलं ना, की प्रत्येक गाइड हेच म्हणतो. आणि म्हणावंच. तुमच्याबद्दलचा माझा आदर वाढला."

"अहो नाही, खरंच मी..."

"आमचे सर असेच आहेत," विभागप्रमुखांनी पुस्ती जोडली. "विद्यार्थ्यांसाठी जीव टाकतात. असा गाइड मिळायला नशीब लागतं!"

सरांचे कान तापले. भिंतीपलीकडे, सगळ्यांदेखत हेच बोलले असते तर ती कबुली झाली असती. इथे तो मोठेपणा होऊन बसला. वाक्य तेच, बोलणारा तोच. आणि वर स्तुती! लाजेने मेल्यासारखं होणं म्हणजे काय, ते त्यांना वयाच्या या टोकाला येऊन कळत होतं. त्यातही सगळ्यात ओशाळवाणं हे, की त्या स्तुतीने क्षणभर, अगदी क्षणभर, त्यांना बरं वाटलं होतं.

ते उठले.

"कुठे निघालात?" विभागप्रमुख म्हणाले. "सही राहिलीय."

सरांनी दार उघडलं ते तसंच उघडं ठेवलं आणि थेट हॉलमध्ये गेले. लोक उठून घोळक्याने बोलत होते. चिमणी वडिलांच्या शेजारी बसली होती. मास्तरांनी तिचा हात धरला होता.

"चिमणे, फळ्याकडे ये," सर म्हणाले. आवाज नको इतका मोठा निघाला. घोळके गप्प झाले. मागोमाग बाई आणि विभागप्रमुख आले.

"क्रमाचं तू मला विचारलं होतंस ना? सांग मॅडमना."

चिमणीने वडिलांकडे पाहिलं, मग सरांकडे.

"नाही, सर. मला आठवत नाही."

विभागप्रमुखांनी बाईंकडे 'बघा, म्हटलं नव्हतं का?' अशा अर्थाने पाहिलं. सर हबकलेच. इतकी वर्षं तिला गप्प राहायला त्यांनीच शिकवलं होतं, आणि ती उत्तम शिकली होती. आता ती तोंड उघडणार नव्हती. कशाला उघडेल? मघाशी उघडायची पाळी त्यांची होती.

"बरं, नको आठवू," ते म्हणाले. "मग चौथं प्रकरण फळ्यावर कर. माझ्या पद्धतीने नको. क्रमाने."

चिमणी उभी राहिली. खडू घेतला. पहिली ओळ लिहिली, आणि दुसऱ्या ओळीपासून ती हॉल विसरली. वेळेचे तुकडे पाडले. नंतरचा तुकडा डावीकडे, आधीचा उजवीकडे, अशी माळ जुळवत गेली. मध्ये न थांबता, न पुसता तिने फळा भरला, आणि आधी तळ की आधी उंचवटा, यावरून कण वेगवेगळ्या ठिकाणी कसा पोचतो ते खाली काढून दाखवलं. हे आत्ता सुचलेलं नव्हतं, हे मागच्या बाकावरच्यालाही दिसत होतं.

"हे कधी केलंत?" बाईंनी विचारलं.

"घरी, मॅडम. प्रबंध द्यायच्या आधी."

"मग प्रबंधात चुकीचं का दिलंत?"

चिमणीची मान खाली गेली. बोटांतला खडू ती उगाच फिरवत राहिली.

"मी सही केली नसती," सर म्हणाले.

बाई आता सरांकडे वळल्या. मघाचं मायेचं हसू नव्हतं. "सर, पद्धत तुमची आहे म्हणता. तर एक सांगा. सगळी बेरीज करून एकदाच ढकलायचं असा हट्टच असेल, तर त्या बेरजेत पहिली दुरुस्ती कुठली घालावी लागेल? लिहा ना."

सर फळ्याशी गेले. वर लिहायला हात उचलला तर कोट ओढला गेला. त्यांनी मधलं बटण काढलं. मग आपली जुनी बेरीज लिहिली. ती झोपेतही लिहिता आली असती. तिच्यापुढे अधिकचं चिन्ह काढलं. आणि थांबले.

हॉलमध्ये पंख्यांचा आवाज येत होता. काहीतरी खरडता आलं असतं. दोन चिन्हं टाकून, घड्याळ बघून, "हे असं पुढे जातं" म्हणत खडू ठेवता आला असता. वर्गात असं त्यांनी कितीदा तरी निभावून नेलं होतं.

"मला येत नाही," सर म्हणाले.

मग वळून, सगळ्यांकडे तोंड करून म्हणाले, "तिला येतं. तिने मला विचारलं तेव्हा ही काळजी स्वयंपाकघरात करायची, असं मी तिला म्हणालो होतो. स्टाफरूममध्ये. मघाशी ती चूक अंगावर घेत होती आणि मी पाणी पीत होतो. मला बोलायचं होतं असं नाही. मला गप्पच बसायचं होतं."

कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. दुसऱ्या रांगेत सरांची बायको मांडीवरची पर्स घट्ट धरून बसली होती. विभागप्रमुख खिडकीबाहेर बघू लागले. त्या दिवशी हसणाऱ्यांत तेही होते.

चिमणी पुढे झाली. अधिकच्या चिन्हासमोर तिने उरलेलं लिहिलं आणि नेहमीच्या बारीक आवाजात सांगितलं, "दोन क्षणांचे खड्डे घ्यायचे. एका क्रमाने गुणायचे, मग उलट क्रमाने, आणि दोन्हींची वजाबाकी. तिचा निम्मा भाग सगळ्या वेळांसाठी मिळवायचा. वजाबाकी शून्य असेल तर बेरजेची पद्धत बरोबरच आहे." ती थांबली. "तुमच्या त्या पहिल्या खड्ड्यात ती जवळजवळ शून्यच होती, सर."

सरांनी मान हलवली.

"अर्ज पाठवा," बाई चिमणीला म्हणाल्या. "शिफारस मी करते. आणि पुढच्या वेळी माहीत असून चुकीचं द्यायचं नाही, सही कुणाचीही अडो." मग सरांना म्हणाल्या, "अहवालात मला हे लिहावं लागेल, सर. पद्धत कुणाची होती ते."

"लिहा," सर म्हणाले.

नंतर स्टाफरूममध्ये चहा झाला. एरवी अशा वेळी सरांभोवती गर्दी असायची. आज लोक कप घेऊन कपाटांपाशी उभे होते आणि सर टेबलाशी एकटे. बायको येऊन शेजारी उभी राहिली. तिने बशीतलं बिस्कीट त्यांच्या पुढे सरकवलं, तेवढंच.

चिमणी आली. "सर, चौथं प्रकरण नीट करून आणते. बघाल ना?"

"बघेन. पण समजावून द्यावं लागेल मला."

"देईन." ती जायला वळली आणि परत थांबली. "त्या दिवशी सगळे हसले तेव्हा मीही हसले होते, सर. मला त्याचाच जास्त राग येतो."

"हो," सर एवढंच म्हणाले.

मग मास्तर आले. सकाळी भेटले तेव्हा ते सरांशी कमरेत वाकून बोलत होते. आता ताठ उभे होते. त्यांनी सगळं ऐकलं होतं, स्वयंपाकघराचंही. त्यांनी सरांच्या कोटाच्या उघड्या बटणाकडे पाहिलं.

"पोटाशी ओढतोय," ते म्हणाले. "काढा, नेतो दुकानात. आत कापड राखून ठेवलंय मी."

"राखून ठेवलंय?"

"तुम्ही पोट आत घेऊन उभे होतात ना, सर. दिसत होतं. पण तुमच्यासारख्या माणसाला 'सोडा' कसं म्हणायचं?"

सरांनी कोट काढून खुर्चीवर ठेवला. "टेप आहे?"

"इथे? सगळ्यांसमोर?" बायको पुटपुटली.

मास्तरांनी खिशातून टेप काढली. शिंप्याच्या खिशात ती असायचीच. कपाटांपाशी उभे असलेले लोक बोलायचे थांबले. विभागप्रमुखही बघत होते, चिमणीही बघत होती. सर हात किंचित बाजूला धरून सरळ उभे राहिले. मास्तरांनी टेप पाठीमागून घेऊन पुढे आणली.

"सोडा, सर."

सरांनी पोट सोडलं. शर्टाची बटणं ताणली गेली. मास्तरांनी टेपची टोकं जुळवली, वाकून आकडा बघितला आणि हळूच, फक्त सरांना ऐकू जाईल असा, तो उच्चारला.

"मोठ्याने सांगा, मास्तर," सर म्हणाले.